जिथं सरळ टीप, तिथं बचत

पत्र : ताई, नमस्कार. गेल्या पाडव्याला आम्ही कळंब्याकडं स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. घराचा हप्ता जाऊन महिन्याला फार तर २,००० रुपये बाजूला पडतात. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. खिडक्यांना अजून जुन्या चादरी अडकवल्यात. एका दुकानात तीन खिडक्यांचे पडदे, सोफ्याची कव्हरं आणि उशांचे अभ्रे मिळून १८,००० रुपये सांगितले, तशी मी परत फिरले. घरात सासूबाईंची पायाची काळी शिलाई मशीन कितीतरी वर्षं बंद पडून आहे. मी त्यांना आत्या म्हणते. त्या म्हणतात, शिंप्याचं काम शिंप्यानंच करावं, तुझ्यानं व्हायचं नाही. मला लग्नाआधी सरळ टीप मारता येत होती, बाकी काही नाही. मैत्रीण म्हणते, हप्त्यावर नवी ऑटोमॅटिक मशीन घे, महिन्याला १,२०० पडतील, ब्लाऊज शिवून पैसेही सुटतील. फोनवर मोफत शिलाई मशीनचे मेसेजही येतात. दिवाळीपर्यंत पडदे, अभ्रे, मुलांचे कपडे, माझे ब्लाऊज सगळं घरी शिवावं असं मनात आहे. जमेल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. जमेल, पण सगळं नाही. तुम्ही यादी केलीत त्यातलं निम्मं दिवाळीपर्यंत सहज होईल, पाव हिस्सा पुढच्या वर्षावर टाका, आणि उरलेलं घरी शिवूच नका.

कुठलं काम कुठल्या वाट्याला घालायचं हे ओळखायची खूण सोपी आहे. जिथं कापड जास्त लागतं आणि टीप सरळ असते, ते घरी शिवायचं. जिथं कापड थोडं आणि गोलाई जास्त, ते शिंप्याकडं द्यायचं. पडद्याच्या बिलात कापडाचा भाव असतो, दर पदराची, म्हणजे पडद्याच्या एकेका उभ्या तुकड्याची, शिलाई असते, वर कड्या, दांडी, बसवायची मजुरी असते, आणि या प्रत्येकावर दुकानदाराचा नफा असतो. त्यातलं शिवणकाम म्हणाल तर चार सरळ टिपा. ब्लाऊजचं उलट आहे. कापड मीटरभरसुद्धा नसतं, पण मुंढा, टक्स, बाही, गळा या सगळ्यात हात बसायला वर्षं लागतात, आणि शिंपी त्याचेच पैसे घेतो. म्हणून तुम्हाला सरळ टीप येते हे काही थोडं नव्हे. घर सजवण्यापुरतं शिवण तेवढ्यात भागतं.

आधी मशीनचं बघू. नवी घेऊ नका. २,००० मधले १,२०० हप्त्यात गेले की कापडाला काय उरलं? पडदे, अभ्रे, परकर, पिशव्या, पायजमे यांतलं काहीही झिगझॅग म्हणजे नागमोडी टाक्यावाचून अडत नाही. काळी मशीन एकच सरळ टाका घालते, पण तो पक्का असतो. वरचा दोरा आणि खालच्या छोट्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, आणि शर्टाच्या कारखान्यातही मुख्य शिवण याच टाक्यावर चालते. शिवाय पडद्याच्या खालच्या दुमडीला कोपऱ्यात कापडाचे सहा-सहा थर येतात. बिडाची जुनी मशीन ते विनातक्रार शिवते, हलक्या मशिनी तिथं अडखळतात. पुढं पायानं चालवायचा कंटाळा आला तर याच मशीनला छोटी मोटर बसवता येते, आणि नव्या मशीनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

इतकी वर्षं बंद असलेल्या मशीनमधलं तेल आत घट्ट होऊन बसलेलं असणार. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला घरीच बोलवा, म्हणजे तो काय करतो ते शेजारी बसून बघता येईल. शटल, म्हणजे बॉबिनभोवतीचा खालचा भाग, कसं काढायचं, कुठल्या भोकांत तेल सोडायचं आणि चामड्याचा पट्टा सैल झाला की कापून पुन्हा कसा जोडायचा, या तीन गोष्टी त्याच्याकडून शिकून घ्या, पुन्हा त्याला बोलवायची वेळ फारशी येणार नाही. तेल मशीनचंच पातळ पांढरं आणा. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, ते आत वाळून चिकट होतं आणि मशीन जड चालायला लागते. आणि आपल्याकडं जूनपासून गणपतीपर्यंत हवेत जो ओलावा असतो त्यात सुई आणि शटल गंजतात. मशीन खिडकीखाली ठेवू नका, काम झालं की सुईखाली कापडाचा तुकडा दाबून ठेवा आणि वरून झाकण घाला.

सुया तीन नंबरच्या आणा. ११ नंबर पातळ केम्ब्रिकला आणि रुबियाला, १४ नंबर पॉपलीनला आणि चादरीच्या कापडाला, १६ नंबर पडद्याच्या जाड कापडाला. जुनी सुई काढण्याआधी तिची सपाट बाजू कुठल्या अंगाला आहे ते नीट बघून ठेवा, नवी तशीच बसली पाहिजे, नाहीतर टाकाच पडत नाही. दोरा नेहमी सुईच्या लांब खोबणीच्या बाजूनं ओवायचा. टाका बिघडला की सगळ्या जणी आधी स्क्रू पिळायला घेतात. तसं करू नका. आधी सुई बदला. मग वरचा दोरा पूर्ण काढून, कापड दाबणारं फूट वर उचलून, पहिल्यापासून पुन्हा ओवा. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचे फासे दिसत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोराच ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. फासे वरच्या अंगाला येत असतील तर बॉबिन केसचा दोरा सैल आहे, तिथला बारीक स्क्रू अगदी पाव फेरा आवळायचा. टाका इंचाला साधारण दहा पडले की बरोबर समजा.

पहिलं काम उशीचा अभ्रा, आणि तोही जुन्या चादरीतून. चादर मध्यभागी विरते, कडेला धडधाकट असते, म्हणून पट्ट्या कडेनं काढा. उशी १७ बाय २७ इंचाची असेल तर तयार अभ्रा १८ बाय २८ धरा. दोन्ही अंगांचे मिळून ५६ इंच, आत जायच्या झडपेला ६, दोन टोकांच्या दुमडीला ३, म्हणजे पट्टी ६५ इंच लांब. रुंदी १८ आणि दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, मिळून १९. आधी दोन्ही टोकं दुमडून टीप मारा. मग पट्टी सुलट बाजू वर ठेवून पसरा, २८ इंचांची घडी आतल्या अंगाला घाला, तिच्यावर झडप घाला, आणि दोन्ही कडा शिवून उलटवा. बटण नको, चेन नको. पुढं नवं कापड घ्याल तेव्हा ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, अशा दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे पावणेदोन मीटरात दोन अभ्रे होऊन वर थोडं उरतं. चार अभ्रे शिवून होईतो तुमचा पाय आणि हात एका लयीत यायला लागतील. टीप वाकडी गेली तर उसवा आणि परत मारा, जुन्या चादरीला त्याचं काही नाही.

कडांचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक कुठून करायचं हा प्रश्न इथंच येईल. करायची गरज नाही. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून कडेपासून पाव इंचावर पहिली टीप मारा, मग आत-बाहेर करून, सुलट बाजू आत घेऊन, थोडं आतून दुसरी टीप मारा. सुटे धागे दोन टिपांच्या मधे बंद होतात. परकराला, पायजम्याला, पिशवीला ही दुहेरी शिलाई बाजारातल्या ओव्हरलॉकपेक्षा जास्त टिकते. फक्त माया थोडी जास्त धरावी लागते.

आता पडदे. तुमच्या पत्रात खरा पैसा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माप खिडकीचं घ्यायचं नसतं, दांडीचं घ्यायचं. चार फुटी खिडकी असेल तर दांडी दोन्हीकडं तीन-चार इंच बाहेर जाते, म्हणजे ५५ इंच धरा. पडद्याला चुण्या चांगल्या पडायच्या तर कापडाची रुंदी दांडीच्या दीडपट ते दुप्पट लागते. पडद्याचं कापड बहुतेक ४८ इंच पन्ह्याचं मिळतं, त्याचे दोन पदर एका खिडकीला पुरतात. उंचीसाठी खिडकीची उंची, वर सहा इंच, खाली सहा इंच. खिडकी चार फूट उंच असेल तर तयार पडदा ६० इंच. त्यात वरच्या नेफ्याला, म्हणजे दांडी ओवायच्या दुमडीला, ४, खालच्या दुमडीला ६ आणि आटायला ३ मिळवा, एक पदर ७३ इंच. दोन पदर १४६ इंच, म्हणजे पावणेचार मीटर. तीन खिडक्या सारख्या असतील तर सव्वाअकरा मीटर. हा आकडा कागदावर लिहून दुकानात जा आणि तिथं कुणी चौदा-पंधरा मीटर सांगितलं तर हा कागद दाखवा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोठी नक्षी असलेलं कापड घेतलंत तर प्रत्येक पदरावर नक्षी एका उंचीवर आणायला कापड वाया जातं. पहिल्या खेपेला साधं, उभ्या रेघांचं किंवा बारीक छापाचं घ्या.

पण त्याच्याही आधी तुमच्या आणि आत्यांच्या कपाटातल्या जुन्या सुती साड्या काढून बघा. पाचवारी साडी साडेपाच मीटर धरली तर तिचे तीन तुकडे प्रत्येकी ७२ इंचांचे होतात. वर जे ७३ इंचांचं माप काढलं त्याच्याशी हे जवळजवळ जुळतं, आणि साडी कितीदा तरी धुतलेली असल्यामुळं आटायचे ३ इंच धरावेच लागत नाहीत. दोन साड्यांत सहा पदर, म्हणजे तुमच्या तिन्ही खिडक्या. शिवाय साडीचे काठ पडद्याच्या उभ्या कडांवर येतात, त्यामुळं कडेच्या टिपाच वाचतात. फक्त वर नेफा आणि खाली दुमड मारायची. साडी विरलेली नाही ना हे आधी तपासा. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा, धागे सरकले किंवा चर्र आवाज आला तर ती साडी वाकळेला, म्हणजे गोधडीला, ठेवा. रेशमी साडी खिडकीत लावू नका, उन्हानं रेशीम कुजतं. आणि संध्याकाळी दिवे लागले की पातळ साडीतून घर बाहेरून दिसतं, तिथं मागून मांजरपाटाचं अस्तर लावा. मांजरपाट स्वस्त असतं आणि पडद्याला वजन येऊन तो छान पडतो.

वरच्या कड्या ठोकून घ्यायच्या असतील तर दुकानातून घ्या, त्या नेहमी सम संख्येत लावतात, म्हणजे पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडं वळतात. पण नेफ्यात दांडी ओवली तर तो खर्चही नाही. खालची दुमड लगेच शिवू नका. पडदा दोन दिवस तसाच टांगून ठेवा, कापड आपल्या वजनानं जेवढं उतरायचं तेवढं उतरतं. मग टाचण्या लावून सगळे पदर एका रेषेत आणा आणि शेवटची टीप मारा. घरच्या पडद्यात आणि दुकानातल्या पडद्यात जो फरक दिसतो तो बहुतेक याच एका टिपेचा असतो.

सोफ्याची कव्हरं यंदा सोडून द्या. हाताच्या गोलाईवर कापड बसवणं अवघड, आणि चुकलं तर सात-आठ मीटर कापड वाया. बैठकीवर एक जाड पलंगपोस नीट खोचा आणि १६ बाय १६ चे चार-पाच अभ्रे पडद्याशी जुळणाऱ्या कापडाच्या तुकड्यांतून शिवा. खोली तेवढ्यानं सजते, आणि १८,००० मधला एक मोठा आकडा जागेवरच खोडला जातो.

नवं कापड कधी घ्यायचं ते सांगते. सुती कापड शिवण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा खिडकीच्या वर जाऊन बसतो. कोल्हापूरच्या पावसात अकरा मीटर कापड घरात वाळवायचं म्हणजे कुबट वास धरणार. म्हणून पाऊस आहे तोवर जुन्या साड्या आणि चादरी शिवा, आणि नव्या कापडाची खरेदी गणपती गेल्यावर करा. तुमच्या घरी चालत असेल तर पितृपक्षातच जा. नवं कापड त्या पंधरवड्यात लोक घेत नाहीत, दुकानात गर्दी नसते, आणि तागे उलगडून दाखवायला माणसाला वेळ असतो. नवरात्र लागलं की अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी महाद्वार रोडवर उतरते, आणि मग दिवाळीपर्यंत निवांत खरेदी होत नाही.

महाद्वार रोड आणि लक्ष्मीपुरीत भाव कळेल, मीटर-दोन मीटरची खरेदी तिथंच बरी. सव्वाअकरा मीटर घ्यायचं असेल तर गांधीनगर. फाळणीनंतर वळिवड्याच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही बाजारपेठ उभी केली. घाऊक दुकानांत थोडं कापड तोडून देत नाहीत, पूर्ण तागा घ्या म्हणतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये खिडक्या बहुतेक एकाच मापाच्या असणार. दोघी-तिघींनी मिळून एक तागा घेतला तर भावही बरा पडेल. शिवाय ताग्याच्या शेवटचे कटपीस तिथं वेगळे विकायला असतात, अभ्रे आणि मुलांचे कपडे त्यांतच निघतात. मात्र कटपीस उलगडून उजेडात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. आत डाग किंवा सुटलेला धागा असतो म्हणूनच कधीकधी ते स्वस्त असतात.

इचलकरंजीकडं तुमचं कुणी असेल तर पॉपलीन आणि केम्ब्रिक तिथून आणायला सांगा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून ते गाव कापडावरच उभं आहे, आणि आपल्यापासून तासाभराच्या एसटीवर आहे. तिथं ‘ग्रे’ म्हणून जे कापड मिळतं ते मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं असतं. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. अस्तराला ते उत्तम, पण आधी गरम पाण्यात चांगलं धुवा. इतर कापडापेक्षा ते जास्त आटतं, त्यामुळं मापात हात सैल ठेवा.

आता अंगावरचे कपडे. तुमचा पहिला कपडा परकर असू दे. दोन मीटर पॉपलीनमध्ये मध्यम उंचीच्या बाईचा सहा कळ्यांचा परकर बसतो. कळ्या एक सरळ, एक उलटी अशा मांडल्या की एकीच्या घेराशेजारी दुसरीची कंबर येते आणि कापड वाया जात नाही. कळ्या जोडताना टीप घेराकडून कमरेकडं मारायची. कापलेली तिरकी कड ताणली जाते, उलट दिशेनं शिवलंत तर खाली झोळ पडतो. तयार परकर घेताना कापड पातळ आणि घेर आखूड मिळतो, घरी शिवलेला दोन-तीन वर्षं हमखास चालतो.

मुलाला पायजमे शिवा. त्याचा नीट बसणारा पायजमा मधोमध दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा, भोवती रेघ ओढा, सगळीकडून पाऊण इंच माया सोडा, कमरेला इलॅस्टिकसाठी दीड इंच आणि पायाला तीन इंच जास्त. हे तीन इंच आत दुमडून ठेवा, पुढच्या वर्षी उसवून सोडता येतात. मुलं उंचीला वाढतात, कमरेला तेवढी वाढत नाहीत, म्हणून हा एकच पायजमा दोन वर्षं पुरतो.

मुलीला दिवाळीला परकर-पोलकं करा. परकर म्हणजे काठाच्या साडीचा सरळ आडवा तुकडा, काठ खाली, वर चुण्या घालून पट्टा. एकही गोलाई नाही. आतल्या बाजूनं काठाच्या वर दोन इंचांची एक आडवी दुमड घालून ठेवा, पुढच्या दिवाळीला ती सोडली की परकर चार इंचांनी लांब होतो. पोलकं शिंप्याकडून शिवून घ्या. एवढंच, की साडी सुती निवडा, पॉलिस्टर नको. फटाक्याची ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. लहान मुलीच्या अंगावर दिवाळीत तसलं कापड घालू नये असं मला फार मनापासून वाटतं.

ब्लाऊज यंदा शिंप्याकडंच जाऊ देत. पण त्यातही खर्च कमी होतो. अस्तर तुम्ही स्वतः आणा, धुऊन द्या. हुक आणि गळ्याची तुरपाई घरी करते म्हणून सांगा, पुष्कळ शिंपी तेवढी मजुरी कमी करतात. साडीला फॉल घरीच लावा, हातानंच. सुती फॉलची पट्टी आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर ती नंतर आटते आणि साडीच्या खाली सगळीकडं चुण्या पडतात. संक्रांतीनंतर ब्लाऊज शिकावंसं वाटलं तर तुमच्या अंगावर सगळ्यात छान बसणारा, पण आता फाटलेला ब्लाऊज घ्या. तो शिवणीवर उसवा, प्रत्येक तुकडा इस्त्री करून त्याचा कागदी खाका काढा, आणि त्यावरून पहिला ब्लाऊज मांजरपाटात शिवा. चांगल्या कापडाला त्यानंतरच कात्री लावायची.

टी-शर्ट, बनियन, जीन्स, कॉलरचा शर्ट, शाळेचा गणवेश हे घरी शिवू नका. होजिअरीचं कापड साध्या टाक्यावर ताणलं की टीप तुटते, आणि तयार मिळतं त्या भावात कापडसुद्धा येत नाही. त्यांची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं मात्र घरी करा. दर महिन्याला शिंप्याकडं जाणारे सुटे पैसे तिथं वाचतात.

आत्यांबद्दल. ती मशीन त्यांची आहे. त्यांनी कधीतरी तिच्यावर घरातलं शिवलं असेल, आणि गेली कितीतरी वर्षं त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नसेल. ‘तुझ्यानं व्हायचं नाही’ हे मी तरी तुमच्याबद्दलचं मत म्हणून घेणार नाही. दुरुस्तीवाला यायचा दिवस त्यांना विचारून ठरवा, आणि मशीनला पूर्वी काय-काय होत होतं ते त्याला त्यांनाच सांगू दे. बॉबिन भरायला, सुई ओवायला पहिल्या दिवशी त्यांनाच बसवा. डोळ्यांना दिसत नसेल तर सुई तुम्ही ओवा, पण टाका बरोबर आहे का ते त्यांना बोटांनी बघू दे. ज्या साड्यांचे पडदे करायचे त्यांत त्यांच्या साड्या असतील तर कात्री लावण्याआधी स्पष्ट विचारा. एखादी साडी त्या देणार नाहीत. ती तशीच ठेवा, खिडकीला दुसरी मिळेल. विरलेल्या साड्यांची वाकळ मात्र दोघी मिळून घाला. थर कसे लावायचे, कडेपासून आत धावदोरा कसा नेत जायचा हे त्यांच्या पिढीच्या बायकांना जसं येतं तसं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

पैसे मिळवायचं म्हणाल तर पहिलं वर्ष बाहेरचं काम घेऊ नका. दुसऱ्याचं महागाचं ब्लाऊज पीस बिघडलं की भरून द्यावं लागतं आणि शेजारही दुखावतो. सुरुवात पडद्याच्या खालच्या टिपा, अभ्रे आणि फॉल यांवर करा. नवीन वस्तीत या तिन्हींना मागणी असते आणि माप चुकायची भीती नसते. पुढं खरोखर धंदाच करायचा ठरवलात तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एका वर्षाचा अभ्यासक्रम असतो, मुलगा शाळेत जायला लागला की त्याचा विचार करा.

फोनवरच्या मोफत मशीनच्या मेसेजला उत्तर देऊ नका आणि त्यातल्या लिंकवर आधार नंबर भरू नका. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. प्रशिक्षणासोबत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती स्वतःच्या हातानं हा धंदा आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे, आणि एका कुटुंबात एकालाच. आज तुम्ही त्यात बसत नाही. उद्या बसलात तर नोंदणी जवळच्या सामायिक सेवा केंद्रात जाऊन करा. फॉर्म मंजूर करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

दरवाजाच्या किंवा सोफ्याच्या मापात कुठं अडलात तर लांबी-रुंदी इंचात लिहून पाठवा, कापड किती लागेल ते मी काढून देईन.